पॅरिसची लाल कोर्टं आणि आपण निवडलेलं गवत

फ्रेंच क्लबांच्या सभासदांपुरती १८९१ मध्ये सुरू झालेली पॅरिसची टेनिस स्पर्धा १९२५ मध्ये परदेशी खेळाडूंना खुली झाली. त्या पहिल्याच वर्षी भारताकडून डेव्हिस कप खेळणारा सिडनी जेकब पुरुष एकेरीच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. त्यानंतर ३७ वर्षांनी, १९६२ मध्ये, रामनाथन कृष्णनने तिथवर मजल मारली. त्यापुढे आजतागायत एकही भारतीय पुरुष पॅरिसच्या एकेरीत त्या फेरीत दिसलेला नाही. विंबल्डनला कृष्णन १९६० आणि १९६१ अशी सलग दोन वर्षं उपांत्य फेरीत होता, विजय अमृतराज आणि रमेश कृष्णन यांनीही तिथे उपांत्यपूर्व फेरी गाठली. म्हणजे भारतीय पुरुष टेनिस एके काळी जगाच्या पहिल्या रांगेजवळ होतं. फक्त लाल कोर्टावर नव्हतं. याची कारणं सांगताना आपल्याकडे अंगातली ताकद, पैसा आणि हवामान ही तीन नावं हमखास निघतात. तिन्हींत तथ्य आहे. पण मला त्याहून वजनदार वाटतं ते एक जुनं धोरण: डेव्हिस कप जिंकण्यासाठी आपण गवत हे हत्यार निवडलं, त्या हत्याराने आपल्याला मोठे दिवस दाखवले, आणि त्याच्या मोहात मातीवरचं टेनिस देशभर पोरकं राहिलं.

आधी हे लाल कोर्ट म्हणजे काय ते पाहू. टीव्हीवर जो तांबडा थर दिसतो तो एक-दोन मिलिमीटरचाच असतो आणि तो शेतातल्या मातीचा नसून भाजलेल्या विटेच्या पुडीचा असतो. कल्याण, भिवंडी, शहापूर या पट्ट्यातल्या वीटभट्ट्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तो रंग वेगळा सांगायला नको. फुटक्या विटांची कुटून केलेली सुरखी आपल्या जुन्या वाड्यांच्या चुन्यात पडत होती, तीच जात. पॅरिसमध्ये या सुरखीखाली चुनखडीचा दाबलेला थर असतो, त्याखाली जळक्या कोळशाची खर, मग खडी, मग दगड. चुनखडी पाणी धरून ठेवते, म्हणून कोर्ट तडकत नाही, आणि वरची भुकटी चेंडूचा वेग खाते. चेंडू पडला की थांबल्यासारखा होतो आणि खांद्यापर्यंत उसळतो. गवतावर चेंडू सरपटत जातो, त्यामुळे जोरकस सर्व्हिस करून नेटकडे धावणाऱ्याचं फावतं; इथे त्याच सर्व्हिसवर समोरच्याला घसरत जाऊन परतीचा फटका मारायला वेळ मिळतो. एकेक गुण वीस-पंचवीस फटक्यांचा होतो. चेंडूला भरपूर टॉपस्पिन देणारं मनगट, घसरत थांबणारा पाय आणि पाच सेट टिकणारं फुप्फुस या तीन गोष्टी लहानपणीच कमवाव्या लागतात. पीट सँप्रसने विंबल्डन सात वेळा जिंकलं, पण पॅरिसमध्ये तो १९९६ च्या उपांत्य फेरीपुढे कधी गेला नाही. बोरिस बेकर आणि स्टीफन एडबर्ग यांनाही ती ट्रॉफी मिळाली नाही. जॉन मॅकेन्रो १९८४ च्या अंतिम सामन्यात इव्हान लेंडलविरुद्ध पहिले दोन सेट जिंकून पुढे होता, तरी हरला.

आता फ्रान्सने ही माती कशी वापरली ते पाहण्यासारखं आहे, कारण त्यांची सुरुवातही डेव्हिस कपातूनच झाली. १९२७ मध्ये लाकोस्त, कोशे, बोरोत्रा आणि ब्रुन्यों या चौघांच्या फ्रेंच संघाने फिलाडेल्फियात अमेरिकेला ३-२ असं हरवून कप घरी नेला. पुढच्या वर्षी अमेरिका तो परत न्यायला येणार, बिल टिल्डन येणार, आणि पॅरिसकडे त्या गर्दीला पुरेल असं स्टेडियम नव्हतं. ते घाईने बांधलं गेलं आणि त्याला रोलाँ गॅरो या वैमानिकाचं नाव दिलं. १९१३ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या फ्रेजुसहून उडून न थांबता भूमध्य समुद्र ओलांडणारा पहिला माणूस तो, पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या आठवड्यांत मारला गेलेला. १९२८ मध्ये टिल्डनने लाकोस्तला पाच सेटमध्ये हरवलं, तरी कप ४-१ असा फ्रान्सकडेच राहिला आणि १९३३ मध्ये ब्रिटनने नेईपर्यंत तिथेच होता. यजमानाने स्वतःला सोयीचं कोर्ट करावं ही रीत फ्रेंचांनी मनापासून पाळली. १९३२ च्या लढतीआधी कोर्टावर पाण्याचा जरा जास्तच मारा झाला अशी तक्रार अमेरिकनांनी केली होती. पण कप गेल्यावरही स्टेडियम उरलं. देशाची मुख्य स्पर्धा दर वर्षी तिथेच भरत राहिली आणि क्लबाक्लबांतली मुलं त्याच पृष्ठभागावर वाढत राहिली. कपासाठी घेतलेला निर्णय देशाच्या खेळाचा पाया झाला. आपल्याकडे नेमकं हेच झालं नाही.

भारताची डेव्हिस कपातली सुरुवात मोठी देखणी होती. १९२१ मध्ये पहिल्याच वर्षी आपल्या संघाने पॅरिसमध्ये फ्रान्सला ४-१ असं हरवलं. मुंबईच्या फैजी कुटुंबातले दोघे त्या दशकात भारताकडून खेळले. पण इंग्रजांनी आणलेला हा खेळ मोठ्या शहरांच्या क्लबांत गवतावर बसला होता. कलकत्त्याचा साउथ क्लब आणि दिल्लीचा जिमखाना ही त्याची मानाची ठिकाणं. गावोगावी मात्र लोक मुरमाच्या, शेणाने सारवलेल्या कोर्टांवर खेळत. स्वातंत्र्यानंतर कृष्णनसारखा अव्वल खेळाडू हाती आला तेव्हा घरच्या लढती गवतावर ठेवणं हा साधा व्यवहार होता, आणि तो फळला. १९६५ मध्ये बार्सिलोनात, मातीवर, स्पेनने आपल्याला ३-२ असं हरवलं. समोर पॅरिसचं विजेतेपद दोनदा मिळवलेला मानोलो सांताना होता. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या गवतावर ब्राझीलच्या तोमाझ कॉकविरुद्ध निर्णायक सामन्यात कृष्णन एका सेटने मागे होता, चौथा सेटही हातातून निसटत चालला होता, तिथून त्याने तो सामना ३-६, ६-४, १०-१२, ७-५, ६-२ असा ओढून आणला आणि भारत पहिल्यांदा अंतिम लढतीत गेला. एका वर्षाचं अंतर, एक संघ, दोन पृष्ठभाग. धडा सरळ होता, आणि आपण त्यातला अर्धाच घेतला: घरी गवत ठेवा. बाहेर माती असेल तेव्हा काय, हा उरलेला अर्धा प्रश्न तसाच राहिला.

१९७४ मध्ये हे धोरण महाराष्ट्रात आलं. त्या वर्षी कलकत्त्यात ऑस्ट्रेलियाविरुद्धची लढत ३२७ गेम चालली आणि भारताने ती ३-२ अशी जिंकली. मग सोव्हिएत संघाविरुद्धची उपांत्य लढत पुण्यात झाली, तीही गवतावर, आणि विजय आणि आनंद अमृतराज यांच्या संघाने ती मारली. अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी होता. वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने खेळायला नकार दिला आणि कप दक्षिण आफ्रिकेला बहाल झाला. त्या नकाराची किंमत खेळाडूंनी चुकवली आणि तो नकार योग्यच होता असं मी मानतो. पण इथे माझा मुद्दा पुण्याचा आहे. इतकी मोठी लढत या शहराला मिळाली, तिच्यासाठी गवताची निगा राखली गेली, प्रेक्षक लोटले, आणि लढत संपल्यावर पुण्यातल्या किंवा कोल्हापूरच्या मुलाच्या रोजच्या खेळात त्यातून काय उतरलं? तो मुरमावर शिकला आणि मोठा झाल्यावर गवतावर पारखला गेला. मुरमाचं वाळलेलं कोर्ट हे काही पॅरिसचं कोर्ट नव्हे. ते कडक असतं, चेंडू त्यावरून भरकन येतो, पाय घसरवायला गेलं तर गुडघा फुटतो. मुलांना मातीचे चटके मिळाले, मातीचं टेनिस मिळालं नाही.

१९८७ साल तर या सगळ्या कहाणीचा नकाशाच म्हणावा. दिल्लीच्या गवतावर अर्जेंटिनाविरुद्ध विजय अमृतराजने मॅच पॉइंट वाचवत मार्टिन हाईतेला हरवलं. सिडनीच्या गवतावर निर्णायक सामन्यात रमेश कृष्णनने वॉली मझूरला नमवलं आणि ऑस्ट्रेलिया घरात हरली. डिसेंबरात अंतिम लढत स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला. स्वीडिश लोकांनी बंद सभागृहात माती अंथरली. मॅट्स विलांडर तोवर पॅरिसमध्ये दोनदा जिंकला होता, पुढच्या वर्षी तिसऱ्यांदा जिंकणार होता. रमेशचा खेळ मऊ हाताचा, चेंडू लवकर घेऊन समोरच्याच्याच वेगावर त्याला फिरवणारा. त्या मातीवर उधार घ्यायला वेगच नव्हता. विलांडरने त्याला आणि आंदेर्स यारिडने विजयला सरळ सेटमध्ये काढलं. लढत ५-० अशी संपली. ज्या संघाने त्या वर्षी अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलियाला पाणी पाजलं, त्याला स्वीडनमध्ये एकही सामना जिंकता आला नाही. माणसं तीच होती, बदललं ते पायाखालचं.

इथे जाणकार वाचक मला फ्रेजुसची आठवण करून देईल, आणि द्यायलाच हवी. १९९३ च्या जुलैत, ज्या गावाहून गॅरो उडाला होता त्याच गावात, फ्रान्सच्या मातीवर, लिएंडर पेस आणि रमेश कृष्णन यांच्या संघाने फ्रान्सला ३-२ असं हरवलं. वर त्याच वर्षी चंदीगडच्या गवतावर ऑस्ट्रेलियाने आपल्याला ५-० अशी धूळ चारली. मग माझं सगळं म्हणणं कोसळतं का? मला तसं वाटत नाही. डेव्हिस कपची लढत तेव्हा तीन दिवसांची असे आणि त्यात लिएंडरसारखा विशीतला पोर देशाच्या नावावर अंगात आल्यासारखा खेळून दोन दिवस काहीही करू शकतो. तो आयुष्यभर तसा खेळला. एकेरीचं अजिंक्यपद म्हणजे दोन आठवड्यांत सात सामने, प्रत्येक पाच सेटपर्यंत जाऊ शकणारा, समोर दर वेळी नवा माणूस. तिथे आवेश पुरत नाही, सवय लागते. लिएंडर पॅरिसच्या एकेरीत कधीच दुसऱ्या आठवड्यात पोहोचला नाही. दुहेरीत मात्र त्याने आणि महेश भूपतीने १९९९ आणि २००१ मध्ये तिथेच विजेतेपद मिळवलं, आणि त्याआधी १९९७ मध्ये जपानच्या रिका हिराकीबरोबर मिश्र दुहेरी जिंकून भूपती ग्रँड स्लॅम जिंकणारा पहिला भारतीय ठरला होता. दुहेरीत अर्धं कोर्ट झाकायचं असतं, गुण लवकर संपतात, नेटवरचा हात कामाला येतो. गवताने आपल्याला जे शिकवलं ते तिथे वापरता आलं. रमेश कृष्णनने १९७९ मध्ये पॅरिसची मुलांची स्पर्धा जिंकली, हेही या संदर्भात आठवायला हवं. त्यावरून आपल्या मुलांना माती जन्मजात वर्ज्य नाही एवढं नक्की सिद्ध होतं. पुढे त्याची वाढ ज्या वाटेने झाली ती मात्र मातीकडे जाणारी नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ऑस्ट्रेलियनांनीही गवतावरच साम्राज्य उभं केलं होतं, मग केन रोझवॉलने १९५३ आणि १९६८ मध्ये, रॉड लेव्हरने १९६२ आणि १९६९ मध्ये, रॉय इमर्सनने १९६३ आणि १९६७ मध्ये पॅरिस कसं जिंकलं? उत्तर त्यांच्या लहानपणात आहे. लेव्हर क्वीन्सलँडमध्ये घरच्या ज्या कोर्टावर शिकला ते वारुळाची माती कुटून केलेलं होतं. रोझवॉलच्या वडिलांची सिडनीत स्वतःची मातीची कोर्टं होती. शिवाय हॅरी हॉपमनचा ऑस्ट्रेलियन संघ दर वर्षी महिनोन्‌महिने युरोपात मुक्काम ठोकून असे. आपल्या महाराष्ट्राला ही गोष्ट समजायला टेनिसची गरजही नाही. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या लाल मातीत घडले, १९४८ मध्ये लंडनला मॅटवर सहावे आले, आणि मग चार वर्षं त्या वेगळ्या पृष्ठभागाची तयारी करून १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्य जिंकले. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन वेगळे विभाग ठेवणारे लोक आपण. पायाखालचं बदललं की कुस्ती बदलते हे आपल्या तालमींना पक्कं ठाऊक आहे. टेनिसमध्ये तेवढीच गंभीर दखल आपण घेतली नाही.

पैशाचं काय? टेनिस महाग आहे यात वाद नाही. पण पॅरिसच्या विजेत्यांच्या यादीत गिलेर्मो विलास आहे, १९७७ चा, अर्जेंटिनाचा. १९९० मध्ये इक्वेडोरचा आंद्रेस गोमेझ आहे, समोर आंद्रे आगासी असताना. १९९७ मध्ये जागतिक क्रमवारीत ६६ वा असलेला ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्टेन आहे, आणि तो २००० आणि २००१ मध्ये पुन्हा आहे. मग येतं २००४ साल. अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था दोन-तीन वर्षांपूर्वीच पार झोपली होती, बँकांबाहेर लोक रांगा लावून ठेवी मागत होते, आणि त्या वर्षी पॅरिसच्या उपांत्य फेरीतल्या चौघांपैकी तिघे अर्जेंटिनाचे होते. चौथा टिम हेन्मन, इंग्लंडच्या गवताचा मुलगा. त्याने मातीवर तिथवर येऊन दाखवलं हे त्याचं कौतुक, पण पुढे गिलेर्मो कोरियाने त्याला रोखलं. विलासच्या नावावरून ज्याचं नाव ठेवलं तो हा कोरिया. अंतिम सामन्यात त्याने गास्तोन गाउदिओविरुद्ध पहिला सेट ६-० आणि दुसरा ६-३ असा जिंकला. गाउदिओ बिगरमानांकित, क्रमवारीत ४४ वा. मग कोरियाच्या पायात गोळे आले, सर्व्हिस कशीबशी पडू लागली, सामना उलटत पाचव्या सेटमध्ये गेला. तिथेही कोरियाला दोन मॅच पॉइंट मिळाले आणि दोन्ही हुकले. गाउदिओ ०-६, ३-६, ६-४, ६-१, ८-६ असा जिंकला. त्या दिवशी दोघांच्याही मनोधैर्याची परीक्षा झाली, पण खेळाची भाषा दोघांची एकच होती. सेटामागून सेट बेसलाइनवर उभं राहून मारायची ती भाषा त्यांच्या देशातला प्रत्येक क्लब शिकवतो. विलास जिंकला तेव्हा अर्जेंटिनाच्या मुलांना त्याच्यासारखं व्हायला वेगळं कोर्ट शोधावं लागलं नाही. १९६६ मध्ये कलकत्त्यात ब्राझील हरलं, तरी ब्राझीलने माती सोडली नाही आणि ३१ वर्षांनी कुएर्टेन आला. आपल्याकडे कृष्णन झाला, अमृतराज झाले, पण घराजवळच्या कोर्टावर त्यांच्यासारखं खेळायची सोय कुठल्या मुलाला होती? गवताची कोर्टं मोजक्या क्लबांत.

हवामानाचा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात जून ते सप्टेंबर जो पाऊस कोसळतो त्यात उघड्यावर विटेच्या पुडीचं कोर्ट टिकवणं म्हणजे दर दिवाळीला ते नव्याने बांधणं. इथल्या संकुलांनी सिमेंटवर रंग चढवलेली कोर्टं केली ती शहाणपणानेच केली. पण पुण्याचा पाऊस याच्या पावपटीहून थोडा अधिक, आणि राज्याची मोठी गुंतवणूक झाली ती पुण्यातच. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी बालेवाडीचं संकुल उभं राहिलं. २०१८ ते २०२३ या काळात महाराष्ट्र ओपन ही देशातली एकमेव एटीपी दौऱ्यावरची स्पर्धा तिथे झाली, जगातले नामांकित खेळाडू आले. सगळं हार्ड कोर्टवर. त्या काळासाठी हा निर्णय बरोबरही असेल, कारण स्पर्धा जानेवारी-फेब्रुवारीच्या हार्ड कोर्ट हंगामात होती. पण त्याच आवारात खालून वर नीट थर बांधलेली, पाणी धरणारी मातीची चार-सहा कोर्टं मुलांसाठी असावीत, असा आग्रह कुणी धरल्याचं दिसलं नाही. ज्या मातीतून गौरव नाटेकर, संदीप आणि नितीन कीर्तने, नंदन बाळ असे डेव्हिस कप खेळाडू निघाले त्या राज्यात हा आग्रह अवास्तव नव्हता.

सोय आणि गुरू एका जागी टिकले तर काय होतं ते पाहायला ठाणेकरांना लांब जावं लागत नाही. महापालिकेची सय्यद मोदी बॅडमिंटन प्रशिक्षण योजना आणि श्रीकांत वाड यांची शिकवणी यांतून राष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू निघाले. शहराला बॅडमिंटनचा कसलाही राजेशाही वारसा नसताना. एक सभागृह, ठरलेल्या वेळा, वर्षानुवर्षं तोच पृष्ठभाग, तोच डोळा. टेनिसमध्ये मातीसाठी एवढंच करायचं राहिलं.

धोरण मात्र २०२२ मध्येही जुनंच होतं. मार्च २०२२ मध्ये डेन्मार्क भारतात आला तेव्हा लढत दिल्ली जिमखान्याच्या गवतावर ठेवली गेली आणि आपण ४-० जिंकलो. जगाच्या दौऱ्यात गवताचा हंगाम जेमतेम पाच आठवड्यांचा, मातीचा त्याच्या कितीतरी पट लांब, आणि आपण तेव्हाही त्या पाच आठवड्यांच्या विद्येवर लढत जिंकली. दुसरी बाजू सुमित नागलने दाखवली. हरियाणातल्या झज्जरचा हा मुलगा जर्मनीत राहून तयार झाला. २०१९ मध्ये त्याने ब्युनोस आयर्सला मातीवरची चॅलेंजर स्पर्धा जिंकली, एप्रिल २०२४ मध्ये मोंटे कार्लोला मातेओ अर्नाल्दीला हरवून मातीवरच्या मास्टर्स स्पर्धेत एकेरीच्या मुख्य फेरीचा सामना जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला, आणि त्याच जूनमध्ये जर्मनीत हाइलब्रोनची मातीवरची स्पर्धा जिंकला. त्याची उंची बेताची, सर्व्हिस साधी. गवतावर पारखला असता तर तो निवडीतूनच बाद झाला असता. परदेशात राहण्याचा खर्च भागवताना त्याची किती ओढाताण झाली हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. हा खर्च मुख्यतः मातीपर्यंत पोहोचण्याचा होता, आणि त्याच्यानंतर येणाऱ्या मुलाच्या आईबापांनाही तो तसाच करावा लागणार आहे, जोवर बालेवाडीत किंवा नागपूरला त्याला सकाळी सहा वाजता ओलं करून ठेवलेलं लाल कोर्ट मिळत नाही तोवर.